एकोणतीस तास चाळीस मिनिटं

विनीता रोज सकाळी सिंगापूर बेटाच्या एका टोकाला गाडीत बसते आणि दुसऱ्या टोकाला उतरते. जुरोंग ईस्टला आमचा ब्लॉक. ती नवव्या मजल्यावर, मी आठव्या. तिचं ऑफिस चांगी बिझनेस पार्कात, एका बँकेच्या एचआर खात्यात. दुसऱ्यांच्या रजा मंजूर करणं हे तिचं काम आणि स्वतःची रजा वाया घालवणं हा तिचा छंद. मधल्या तासाभराच्या एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, लोक झोपतात, मालिका बघतात, बॉसच्या नावाने बोटं मोडतात. विनीता फोनवर एक बंदर बघते.

ते बंदर नॉर्वेच्याही वर, उत्तर ध्रुवाजवळच्या एका बेटावर आहे. गावात दोन-अडीच हजार माणसं. गाव संपलं की रस्ताही संपतो, पुढे नुसता बर्फ. बाहेरून यायचं तर विमानाने, नाहीतर बोटीने. गावाचं नाव इतकं लांबलचक की आम्हा दोघींच्या जिभेला ते कधी वळलं नाही, म्हणून आमच्या बोलण्यात ते 'टोकाचं गाव'. बंदरावर कोणीतरी कॅमेरा लावून ठेवलाय आणि तो चोवीस तास इंटरनेटवर दिसतो. इकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा तिकडे रात्रीचा एक असतो. हिवाळ्यात काळोख, काळोखात दिव्यांचे चार पिवळे ठिपके, मधूनच भुरभुरणारा बर्फ. उन्हाळ्यात त्याच मध्यरात्री लख्ख ऊन. इकडे बुगिस स्टेशन जातं, पाया लेबार जातं, माणसं चढतात-उतरतात, आणि बाई त्या उन्हात नाहीतर काळोखात एकट्या उभ्या. एकदा गाडी बदलायची विसरून पार पासिर रिसला पोचली. "छान झोप लागली होती का?" मी विचारलं, तर म्हणाली, "नाही गं. बोट येत होती."

संध्याकाळी परतताना तिकडे दुपार असायची. त्या वेळी कॅमेऱ्यासमोरून लाल जाकीट घातलेलं कोणीतरी चालत जायचं, डोक्याला दिवा लावून.

"जाईच आहे," विनीता म्हणायची. "चाल बघ. अगदी मुकुलची चाल."

मला त्या जाकिटात चाल सोडाच, माणूस की बाई हेही कळत नव्हतं. पण काही ठिकाणी तोंड बंद ठेवावं हे मी उशिरा का होईना शिकले होते.

जाई ही विनीताची एकुलती एक लेक. टोकाच्या गावाजवळच्या डोंगरावर उपग्रहांशी बोलणाऱ्या मोठमोठ्या अँटेना आहेत, त्यांची देखभाल ती करते. मुकुल तिचा बाबा, विनीताचा नवरा. साडेतीन वर्षांपूर्वी, जूनमध्ये, तो डेंग्यूने गेला. तेव्हापासून जाई आईशी एका अक्षराने बोललेली नव्हती. मेसेज केला तर उत्तर म्हणून फक्त अंगठा यायचा.

आता हे सांगायचं तर चंद्रापासून सांगायला हवं.

विनीता संकष्टी करते. लग्न होऊन सिंगापूरला आली तेव्हापासून एकही चुकवलेली नाही. पण आमच्याकडे चंद्र दिसणं म्हणजे लॉटरी. ढग नसले तर समोरचा ब्लॉक आडवा येतो, ब्लॉक नसला तर ढग. म्हणून लहानपणी जाईवर एक काम होतं. चंद्रोदयाची वेळ झाली की तिने लिफ्टने पंचविसाव्या मजल्यावर जायचं, तिथल्या मोकळ्या कॉरिडॉरमधून चंद्र शोधायचा आणि खाली येऊन वर्दी द्यायची. फ्रॉक घातलेली सात वर्षांची जाई धावत यायची आणि दारातूनच ओरडायची, "आई, निघाला!" मग विनीता पाटावर बसायची.

एका चतुर्थीला धो धो पाऊस पडून आभाळ गच्च भरलेलं होतं. मी लिफ्टमध्ये होते आणि ही पोरगी वरून येत होती.

"दिसला का गं?" मी विचारलं.

"नो ला, मावशी," ती कुजबुजली. "बट माय आई सो हंग्री."

आणि नवव्या मजल्यावर दार उघडताच ओरडली, "आई, निघाला!" मी हे विनीताला कधीच सांगितलं नाही. असल्या खोट्याची चहाडी करणाऱ्याला नरकातसुद्धा वेगळी खोली देत असतील.

मुकुलच्या वेळचं खोटं मात्र आमचं होतं, मोठ्यांचं. आपल्याकडे दूर असलेल्या मुलांना वाईट बातमी सांगत नाहीत. "परीक्षा होऊ दे, मग सांगू." "उगाच कशाला जिवाला घोर." मला माझ्या आजोबांचं जाणं बारा दिवसांनी कळलं होतं आणि त्यात कोणाला काही गैर वाटलं नव्हतं. मुकुलला ताप आला तेव्हा विनीताने जाईला सांगितलं, "थोडा ताप आहे." हॉस्पिटलात नेलं तेव्हा सांगितलं, "सलाइन लावलंय, दोन दिवसांत घरी." तेव्हा ते खरंही होतं. मग बुधवारी सकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, ज्यांना बोलवायचं असेल त्यांना बोलवून घ्या.

मी तिच्या शेजारी बसले होते. माझ्या हातात कॉफीचा ग्लास, तिच्या हातात फोन, फोनवर जाईचं नाव उघडलेलं. आणि मी, महामूर्ख बाई, म्हणाले, "थांब जरा. ती तिथून येणार कशी? रस्तासुद्धा नाही ना त्या गावाला?"

तिने फोन पर्समध्ये ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी मुकुल गेला. मग जाईला फोन झाला. ती पोचली रविवारी रात्री, तोवर सगळं आटोपलं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला विनीता एकच सांगत होती, "तीन दिवस लागले तिला यायला. तिकडे रस्ताच नाही. आधी कळवलं असतं तरी पोचली नसती." सगळे मान हलवत होते. मी सगळ्यांत जास्त. जाई कोपऱ्यात बसून बाबाच्या फायली लावत होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती परत गेली आणि अंगठे सुरू झाले. विनीता दर संकष्टीला लिहायची, "चंद्र निघाला. जेवते आहे." थोड्या वेळाने अंगठा यायचा.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात एका संध्याकाळी विनीता माझ्याकडे येऊन बसली. चहा ठेवला, तो तिने गार होऊ दिला. म्हणाली, "अश्लेषा, मी डिसेंबरात टोकाच्या गावाला जाते आहे."

"जाईने बोलावलंय?"

"नाही. तारखा कळवल्या. अंगठा आला."

"मग एवढ्या थंडीत कशाला? उन्हाळ्यात जा. उजेड तरी असेल."

ती म्हणाली, "मला बघायचंय किती वेळ लागतो."

मला लगेच कळलं. तीन वर्षं आम्ही दोघी त्या 'रस्ता नाही'च्या आडोशाला बसलो होतो. आता ही बाई स्वतःच्या हाताने तो आडोसा काढायला निघाली होती. मी तिला खूप समजावलं. गुडघे काढले, ब्लडप्रेशर काढलं, अस्वलंसुद्धा काढली. ती शांतपणे बिस्किट खात राहिली. एचआरमधल्या बाईला रजेविषयी समजावणं म्हणजे सोनाराला कान टोचायला शिकवणं.

पुढची अडचण निघाली चंद्राची. ती ज्या दिवशी पोचणार नेमकी त्याच दिवशी संकष्टी. तिच्या फोनवरच्या पंचांगात गाव बदललं की चंद्रोदयाची वेळही बदलते. तिने टोकाचं गाव घातलं तर वेळेच्या जागी नुसती आडवी रेघ आली.

"सूर्य उगवत नाही तिथे चंद्र कुठून उगवणार!" मी म्हटलं. मला ते फार शास्त्रशुद्ध वाटलं.

मी मंडळाच्या ग्रुपवर प्रश्न टाकला आणि दोन दिवस तिथे रणकंदन झालं. एक म्हणे पुण्याची वेळ धरा, तिथेच मूळ. दुसरे म्हणे सिंगापूरची, कारण टॅक्स इथे भरता. गुरुजींनी व्हॉइस मेसेज पाठवला, "जिथे देह, तिथला चंद्र." म्हणजे प्रश्न जागच्या जागी.

"नाही निघाला तर नाही सुटणार उपास," विनीता म्हणाली. "बघू."

"तिकडे मरायला चाललीस का?" मी ओरडले. रडू यायला लागलं की मी ओरडते.

निघायच्या दिवशी तिच्या बॅगेत भाड्याने आणलेलं जाडजूड जाकीट होतं आणि उरलेल्या जागेत साबुदाणा, भाजणी, मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू. घराला कुलूप लावलं आणि मनगटावरच्या घड्याळात बघून तिने वेळ मला मोठ्याने सांगितली. "दोन वाजून पन्नास मिनिटं. तूही लक्षात ठेव." ते घड्याळ तिने पुढे कुठेही बदललं नाही. अख्खा प्रवास जुरोंग ईस्टच्या वेळेने केला.

पुढचं मी तिच्या तोंडून ऐकलेलं आहे. तिने तीनदा सांगितलं आणि तीनही वेळा एक अक्षर बदललं नाही, म्हणून मी ते खरं धरते.

फ्रँकफर्टला तिने विमान बदललं, ऑस्लोला बदललं. शेवटच्या विमानात निम्म्या खुर्च्या रिकाम्या. बाहेर आधी गुलाबी उजेड होता, मग जांभळा झाला, मग विमान जसजसं उत्तरेकडे गेलं तसतसा तो मागे राहिला आणि भरदुपारी काळोख पडला. तिला वाटलं आपण एमआरटीतच आहोत, डोळा लागलाय, आता तानाह मेरा येईल. पण तानाह मेरा काही आलं नाही. खाली बर्फाचे डोंगर आले, आणि ते दिसत होते. काळोख होता तरी दिसत होते. निळे, स्वच्छ, धुऊन वाळत घातल्यासारखे. ते कशाने दिसताहेत हे तिला विमानाच्या जिन्यावर उभी राहिल्यावर कळलं.

डोंगरावर चंद्र होता. दुपारी पाऊण वाजता, आपला चतुर्थीचा, एक कड गेलेला, आणि इतका उजळ की जिन्याच्या कठड्याची सावली बर्फावर पडली होती. ती पायरीवरच थांबली. मागचे लोक खोळंबले. तिला थंडीसुद्धा वाजली नाही म्हणे. तेवढं मात्र मी मानत नाही.

आत सामानाच्या पट्ट्याजवळ जाई उभी होती. जाकीट निळं, लाल नाही. तिने बॅग उचलली आणि दाराकडे वळली.

विनीताने पहिला प्रश्न विचारला तो हा. "चंद्र कधी निघाला गं?"

"निघाला नाही," जाई म्हणाली. "मावळलाच नाही. आठवडाभर वरच आहे. अजून तीन-चार दिवस राहील. विंटरमध्ये इथे असंच होतं." मग गाडीचं दार उघडताना म्हणाली, "तू वाट बघत होतीस का?"

वाटभर जाई नुसती समोर बघून गाडी चालवत होती. चंद्र मात्र गाडीबरोबर चालला होता. जाईच्या दारात पोचल्यावर विनीताने घड्याळ पाहिलं. रात्रीचे आठ तीस, म्हणजे आपल्याकडचे. एकोणतीस तास चाळीस मिनिटं.

तिथे सगळीकडे चपलाबूट बाहेर काढतात, हॉटेलात आणि दुकानातसुद्धा. दारात बूट काढताना विनीताला एकदम घरी आल्यासारखं वाटलं आणि त्यानेच तिचा जीव कासावीस झाला. तिने खिचडी केली, वरणभात केला. मग ताम्हन घेऊन बाहेर आली आणि चंद्राला अर्घ्य दिलं, तर पाणी पायरीवर पोचल्या पोचल्या बर्फ झालं. जाई दारात उभी राहून बघत होती. तिच्या ओठांवर थोडंसं हसू आलं होतं असं विनीताचं म्हणणं.

ताट समोर आलं. विनीताचा हात जाईना.

"जाई, एकोणतीस तास चाळीस मिनिटं लागली."

"फ्लाइट्सना?"

"आपल्या दारापासून तुझ्या दारापर्यंत." तिने घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "डॉक्टरांनी बुधवारी सकाळी सांगितलं होतं, बोलवून घ्या. बाबा शुक्रवारी संध्याकाळी गेले. तू पोचली असतीस. जवळजवळ एक दिवस मिळाला असता तुला. रस्ता नाही, रस्ता नाही, असं मी सगळ्यांना सांगत राहिले. ते खोटं होतं. मला भीती वाटली होती. तुला सांगितलं की ते खरं होईल असं वाटलं."

जाई भांडते ती इंग्रजीत. शाळेपासूनची सवय. त्या दिवशी ती मराठीत बोलली, हळू, शब्द शोधत.

"मला माहीत आहे, आई. बाबाच्या फाइलमध्ये डॉक्टरची नोट होती. डेट, टाइम, सगळं. तू लोकांना तीन दिवस सांगत होतीस तेव्हा ती माझ्या हातात होती." ती थांबली. "ज्या धुक्याने मला अडकवलं ते शुक्रवारी आलं. बुधवारचं विमान गेलं. गुरुवारचंही गेलं. माझ्या डोक्यावरून जातात ती. मी अँटेनाखाली उभी होते आणि मी त्यांना हात केला. असाच. वेदर छान होतं म्हणून."

विनीता टेबलावरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

"लहानपणी मी खोटं बोलायचे ना, चंद्र दिसला म्हणून?" जाई म्हणाली. "तू जेवावंस म्हणून बोलायचे. तू खोटं बोललीस आणि मी उपाशी राहिले."

मग विनीता रडली. जाई रडली नाही. तिने उठून खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला केला, चंद्र टेबलावर येऊ दिला, आणि ताट आईच्या पुढे सरकवलं. "जेव आता. गार झालं."

पुढचे चार दिवस असेच गेले. जाई कामावर जायची, विनीता खिडकीत बसायची. चंद्र डोंगरामागून डोंगरावर गावाभोवती फिरत राहायचा, गुरवाने देवळाला शांतपणे प्रदक्षिणा घालाव्यात तसा. सकाळ कधी झाली, दुपार कधी, काही कळायचं नाही. झोप आणि जाग यांच्यातली भिंत कोणीतरी काढून ठेवल्यासारखं वाटायचं. एकदा डुलकीतून उठली तेव्हा अंगावर जाईची शाल होती. एकदा मुकुल समोरच्या खुर्चीत बसून बूट काढत होता आणि तिला त्याचं जराही नवल वाटलं नाही.

शेवटच्या दिवशी जाई तिला बंदरावर घेऊन गेली. लाल जाकीट समोरून आलं. आत साठीचे एक थाई गृहस्थ निघाले, बंदरावर कामाला असलेले. तीन वर्षं ही बाई त्यांची चाल बघून डोळे पुसत होती. तिने त्यांना राजगिऱ्याचा लाडू दिला आणि कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. मी तेव्हा इकडे फोनवर तेच बंदर बघत होते. मला दोन ठिपके दिसले, शेजारी शेजारी.

विमानतळावर जाईने मिठी मारली नाही. बॅग पट्ट्यावर ठेवली, म्हणाली, "पोचलीस की सांग. खरी वेळ सांग." विनीताने पोचून सांगितली. उत्तर म्हणून अंगठा आला.

"म्हणजे काहीच बदललं नाही," मी चिडून म्हटलं.

"मी जे सांगायला गेले ते सांगून आले," विनीता म्हणाली. मग जरा वेळाने, "आणि ती चंद्राचं खोटं बोलायची ते मला तेव्हाच माहीत होतं गं. आभाळ मलाही दिसायचं की."

"मग जेवायचीस कशी?"

"ती इतकी धावत यायची," ती म्हणाली.

त्यावर मी जे इतकी वर्षं बोलले नव्हते ते बोलले. रस्ता नाही हे त्या बुधवारी पहिल्यांदा मी म्हणाले होते, ते तिचं नव्हे, माझं पाप. ती म्हणाली, "फोन माझ्या हातात होता." आम्ही दोघींनी ते वाटून घेतलं.

जानेवारीच्या सुरुवातीला माझ्या नवऱ्याचा, दिलीपचा, हृदयाचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी सांगितली. दिलीप म्हणाला, पोराला, वेदांतला सांगू नकोस, उगाच मेलबर्नहून धावत येईल. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच फोन लावला. वेदांत धावत आला. ज्याच्यासाठी आला तो बाप ठणठणीत, हा चार दिवस नुसता जेवला आणि गेला. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

त्याच आठवड्यात संकष्टी आली. मी मोदक घेऊन वर गेले. बाहेर पाऊस, आभाळ गच्च, समोरचा ब्लॉकही दिसेना. विनीताने पान वाढून ठेवलं होतं आणि ती कॉरिडॉरमध्ये उभी राहून उगाचच वर बघत होती. साडेनऊ वाजून गेले. मी म्हटलं, वेळ झाली, पंचांगाप्रमाणे बस आता. ती म्हणाली, बसते.

फोन वाजला. जाईचा फोटो आला होता. काळ्या डोंगराच्या कडेवर चंद्र, नुकताच त्याच्या आडून बाहेर आलेला. खाली दोन ओळी.

"आई, निघाला!

खरंच."

विनीताने ते मला वाचून दाखवलं नाही, फोन माझ्यापुढे धरला. मग खाली बसली आणि उत्तर म्हणून नुसता अंगठा पाठवला. उजवा हात मोकळा नव्हता. पहिला घास तिने आधीच उचलला होता.